चाल लक्षात ठेवणारा माणूस : कार्टर कुटुंब, लेझ्ली रिडल आणि लोकगीताची मालकी (दीर्घ धागा)

१९२८ साली अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील किंग्जपोर्ट गावी दोन माणसांची गाठ पडली. एक गोरा, उंच, हाताला आणि आवाजाला सतत कंप असलेला, फळझाडांची रोपे विकत हिंडणारा गृहस्थ. दुसरा कृष्णवर्णीय, तेविशीच्या आसपासचा, एक पाय आणि एका हाताची दोन बोटे गमावलेला गिटारवादक. पहिल्याचे नाव आज कंट्री संगीताच्या प्रत्येक इतिहासात सापडते. दुसऱ्याच्या स्मरणशक्तीतून उतरलेली गाणी लक्षावधी लोकांनी ऐकली, पण तबकडीवर त्याचे नाव कधी छापले गेले नाही.

पहिला ए. पी. कार्टर. दुसरा लेझ्ली रिडल. हा धागा त्या दोघांविषयी आहे. ‘हे गाणे कोणाचे?’ हा साधा वाटणारा प्रश्न कायद्याच्या आणि बाजाराच्या हाती गेला की त्याचे काय होते, हेही त्यातून दिसते.

प्रथम स्थळ. व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात स्कॉट काउंटी आहे. तेथे क्लिंच पर्वताच्या पायथ्याशी एक अरुंद खोरे आहे. त्याचे नावच पुअर व्हॅली, म्हणजे गरीब खोरे. जमीन निकस, रस्ते कच्चे, चर्च आणि शेती एवढेच जग. अल्विन प्लेझंट कार्टर, म्हणजेच ए. पी., यांचा जन्म येथे १८९१ साली झाला. त्यांच्या कंपाविषयी कुटुंबात एक समजूत होती : ते आईच्या पोटात असताना तिच्याजवळ वीज पडली आणि त्या धक्क्याने बाळाच्या अंगात थरथर शिरली. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने या समजुतीला काय किंमत द्यायची ते द्यावी. गाताना त्यांचा आवाज मध्येच येई आणि मध्येच विरून जाई, हे मात्र ध्वनिमुद्रणांत स्पष्ट ऐकू येते.

रोपे विकण्याच्या फेरीत डोंगरापलीकडच्या एका घरी ऑटोहार्प वाजवत गाणारी मुलगी त्यांनी ऐकली, अशी आठवण कुटुंबात सांगितली जाते. ऑटोहार्प म्हणजे छातीशी किंवा मांडीवर धरून वाजवायचे तारवाद्य. पट्टी दाबली की नको असलेल्या तारा मुक्या होतात आणि उरलेल्या तारांतून सुरांचा मेळ आपोआप उमटतो. ती मुलगी सारा डॉहर्टी. १९१५ साली दोघांचे लग्न झाले. साराचा आवाज खर्जाकडे झुकणारा, कोरडा आणि निश्चल होता. शोकाचे गाणे गातानाही ती शोकाचा अभिनय करत नसे. कदाचित म्हणूनच तिचे गाणे अधिक लागते.

तिसरी मेबेल ॲडिंग्टन. ती साराची नात्याने बहीण, आणि ए. पीं.चा धाकटा भाऊ एझ्रा याच्याशी लग्न झाल्यावर तिची जाऊ. १९०९ चा जन्म, म्हणजे गोष्ट सुरू होते तेव्हा अवघी अठरा वर्षांची. तिच्या हातात गिटार होती, आणि त्या गिटारीवर ती जे करत होती ते तोवर फारसे कोणी तबकडीवर ऐकले नव्हते. त्याकडे पुढे येऊ.

१९२७ च्या जुलै महिन्यात राल्फ पीयर नावाचा माणूस ब्रिस्टल गावी उतरला. ब्रिस्टल हे विलक्षण गाव आहे. त्याच्या स्टेट स्ट्रीटच्या मधोमध राज्याची सीमा जाते. एका बाजूची दुकाने टेनेसीत, समोरची व्हर्जिनियात. पीयरने टेलर-क्रिश्चन हॅट कंपनी या टोप्यांच्या दुकानाच्या इमारतीत वरचा मजला घेतला आणि तेथे व्हिक्टर कंपनीसाठी तात्पुरते ध्वनिमुद्रणगृह थाटले. २५ जुलै ते ५ ऑगस्ट असे हे काम चालले. १९ कलावंत आणि गट, ७६ ध्वनिमुद्रणे.

येथे तंत्राविषयी दोन वाक्ये आवश्यक आहेत. १९२५ पर्यंत गायकाला कर्ण्यासमोर उभे राहून जोर लावून गावे लागे. आवाजाच्या दाबानेच सुई मेणावर रेघ ओढत असे. १९२५ नंतर मायक्रोफोन आला. आता गिटारीचा हलका आवाज, सहज बोलल्यासारखे गाणे, हे सारे टिपता येऊ लागले. पुअर व्हॅलीतल्या स्वयंपाकघरात जसे गायचे तसेच तबकडीसाठी गाता येणे हे त्यामुळे शक्य झाले. दहा वर्षे आधी साराचा आवाज कर्ण्यात शिरलाच नसता.

सुरुवातीला ब्रिस्टलला गर्दी नव्हती. मग २७ जुलैला स्थानिक वृत्तपत्रात बातमी आली की, अर्नेस्ट स्टोनमन या व्हर्जिनियाच्या गायकाला दिवसाला १०० डॉलर मिळतात आणि मागील वर्षी त्याने रॉयल्टीपोटी ३,६०० डॉलर कमावले. त्या डोंगराळ भागात ही रक्कम अविश्वसनीय होती. दुसऱ्या दिवसापासून दूरवरच्या खेड्यांतून माणसे वाद्ये घेऊन येऊ लागली.

कार्टर मंडळीही निघाली. अंतर पंचवीसेक मैल. पण दिवसभराचा प्रवास. मोटार धाकट्या भावाची. ती देण्याची त्याची इच्छा नव्हती. पत्नी जवळजवळ आठ महिन्यांची गरोदर होती. तेव्हा ‘तुझ्या मक्याचे तण मी काढून देईन’ या बोलीवर ए. पीं.नी मोटार मिळवली, असे सांगतात. मोटारीत ए. पी., सारा, मेबेल, साराचे अंगावर पिणारे तान्हे मूल, आणि त्याला सांभाळायला आठ वर्षांची थोरली मुलगी.

१ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यांनी चार गाणी ध्वनिमुद्रित केली, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. साराचा आवाज ऐकताच आपल्याला हवे ते सापडले असे पीयरला वाटले, हे त्याने पुढे वारंवार सांगितले. त्याच जागी ४ ऑगस्टला जिमी रॉजर्स नावाच्या क्षयग्रस्त माजी रेल्वे कामगाराने दोन गाणी गायली. कंट्री संगीताचे दोन मोठे प्रवाह एकाच आठवड्यात एकाच मजल्यावर टिपले गेले. म्हणूनच ब्रिस्टलला ‘कंट्री संगीताचा महास्फोट’ असे काहीसे भपकेबाज नाव मिळाले आहे. ते फार शब्दशः घेऊ नये. १९२३ सालीच पीयरने अटलांटात फिडलिन जॉन कार्सनचे ध्वनिमुद्रण केले होते आणि ते चांगले खपलेही होते.

याच ब्रिस्टलमध्ये एल वॉटसन नावाच्या कृष्णवर्णीय हार्मोनिकावादकाचेही ध्वनिमुद्रण झाले, आणि त्याला साथ गोऱ्या वादकाने दिली. प्रत्यक्ष वाजवताना रंग आड आला नाही. तबकडी दुकानात गेली की मात्र दोन वेगळे कप्पे होते : कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’, गोऱ्या ग्रामीण ग्राहकांसाठी ‘हिलबिली’. ही वर्गवारी रूढ होण्यात स्वतः पीयरचा मोठा वाटा होता. पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ या दोन कप्प्यांत आहे, कारण गाणी स्वतः कधीच त्या कप्प्यांत राहत नव्हती.

आता पैशाकडे येऊ. हा भाग नीट समजल्याशिवाय रिडलची गोष्ट कळणार नाही.

१९०९ च्या अमेरिकन स्वामित्वहक्क कायद्याने असे ठरवले होते की, गाण्याच्या प्रत्येक यांत्रिक प्रतीमागे गाण्याच्या मालकाला २ सेंट मिळावेत. गायकाला नव्हे, गाण्याच्या मालकाला. पीयरला या वाक्यातील सोने दिसले. त्याने व्हिक्टर कंपनीशी असा करार केला की आपण जवळजवळ विनावेतन काम करू, पण आपण ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांचे प्रकाशनहक्क आपल्याकडे राहतील. कलावंताला प्रत्येक गाण्यामागे ५० डॉलर रोख आणि विक्रीवर लहानसा हिस्सा. बाकी वाटा प्रकाशकाचा. १९२८ च्या आरंभी त्याने सदर्न म्युझिक ही प्रकाशनसंस्था स्थापन केली.

ही व्यवस्था चालण्यासाठी एक अट होती : गाणे नोंदवता येण्याजोगे हवे. दुसऱ्या कोणाच्या नावे आधीच असलेले गाणे निरुपयोगी. त्याचे पैसे त्या दुसऱ्याला जाणार. अगदी नवे, शहरी धर्तीचे गाणेही नको. ग्राहकाला जुन्या वळणाचे हवे होते. म्हणजे गाणे ऐकायला जुने हवे आणि कागदावर नवे हवे. अशी गाणी कोठे मिळणार? ज्यांची गाणी अजून कागदावर आलेली नव्हती त्यांच्या घरी. शेतकऱ्यांच्या ओसरीवर, खाणकामगारांच्या वस्तीत, कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये.

ए. पी. या कामासाठी जणू घडलेलेच होते. रोपे विकताना त्यांनी सारा परिसर पायाखाली घातला होता. आता ते रोपांऐवजी गाणी गोळा करू लागले. कोणाला जुने गाणे ठाऊक आहे असे कळले की हा माणूस कागद-पेन्सिल घेऊन दाराशी उभा. घरी आल्यावर कडव्यांची जुळवाजुळव करायची, तुटलेली ओळ भरून काढायची, दोन गाण्यांचे एक करायचे. मग सारा आणि मेबेल त्याला गाण्याचे रूप देत आणि तबकडीवर नाव छापले जाई : ए. पी. कार्टर.

या संग्रहात काय काय आले पाहा. ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध गाणे १९२८ च्या मे महिन्यात न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे ध्वनिमुद्रित झाले. पुअर व्हॅलीत ते परंपरेने आलेले गाणे मानले जाई. प्रत्यक्षात ते १८६० साली छापून प्रसिद्ध झालेले बैठकीचे गीत होते, संगीतकार जे. पी. वेब्स्टर. सत्तरएक वर्षांत ते तोंडोतोंडी इतके झिजले की फुलांची काही नावे अर्थहीन शब्दांत बदलली, आणि साराने ते अर्थहीन शब्द तसेच गायले. ‘कीप ऑन द सनी साइड’ १८९९ च्या सुमाराचे धर्मगीत. ‘कॅन द सर्कल बी अनब्रोकन’ मागे १९०७ चे धर्मगीत आहे, ए. पीं.नी त्याचा ध्रुवपदाचा गाभा ठेवून कडवी आईच्या अंत्ययात्रेची केली आणि १९३५ साली ते नव्या रूपात आले.

छापील गाणे लोकांत जाते, लोकगीत होते, आणि तेथून पुन्हा छापील होऊन कोणाच्या तरी मालकीचे होते, असा हा प्रवास आहे. लोकसंगीत म्हणजे अनादी, अनामिक, निर्मळ झरा अशी जी कल्पना आपण बाळगतो ती अशा उदाहरणांपुढे टिकत नाही.

ए. पीं.ची एक मोठी अडचण होती. शब्द ते लिहून घेत. चाल मात्र त्यांच्या ध्यानात राहत नसे. स्वरलिपी येत नव्हती. ध्वनिमुद्रणयंत्र बरोबर नेणे अशक्य. चार गावे फिरून घरी येईपर्यंत पहिल्या गावातील चाल दुसऱ्या गावातील चालीत मिसळलेली असे.

येथे लेझ्ली रिडल या गोष्टीत येतो.

रिडलचा जन्म १९०५ साली नॉर्थ कॅरोलायनातील बर्न्सव्हिल गावी झाला. तरुणपणी तो किंग्जपोर्टला राहत होता आणि तेथील सिमेंट कारखान्यात १९२७ साली झालेल्या अपघातात त्याने एक पाय गमावला. पुढे बंदुकीच्या अपघातात हाताची दोन बोटे गेली. बरे होण्याच्या काळात त्याने गिटारीला वाहून घेतले आणि उरलेल्या बोटांनिशी स्वतःची वादनशैली घडवली. किंग्जपोर्टच्या कृष्णवर्णीय वस्तीत तेव्हा उत्तम वादकांचा मेळा होता. पुढे ब्लूज गायक म्हणून जगभर गाजलेला ब्राउनी मॅगी हा त्याच वर्तुळातला. जॉन हेन्री लायन्स नावाच्या वादकाच्या घरी ए. पीं.नी रिडलला ऐकले आणि काही काळातच त्याला पुअर व्हॅलीला येण्याचे निमंत्रण दिले.

त्यानंतर काही वर्षे हे दोघे बरोबर हिंडले. ए. पी. शब्द लिहीत, रिडल चाल डोक्यात साठवी. घरी परतल्यावर रिडल ती चाल सारा आणि मेबेलला वाजवून दाखवी. पुढे स्वतः रिडलने आपल्या या कामाची तुलना टेपरेकॉर्डरशी केली आहे. कुबडीवर किंवा कृत्रिम पायावर डोंगराच्या वाटा चढणारा टेपरेकॉर्डर.

हा सारा काळ जिम क्रो कायद्यांचा, हे विसरता कामा नये. दक्षिणेत शाळा, रेल्वेचे डबे, उपाहारगृहे, पाणी पिण्याचे नळसुद्धा रंगानुसार वेगळे होते. गोरा आणि कृष्णवर्णीय एकत्र प्रवास करताना एकाच टेबलावर बसून जेवू शकत नसत. पण या सोबतीचा एक व्यावहारिक फायदाही होता. कृष्णवर्णीय वस्तीत एखादा अनोळखी गोरा माणूस ‘तुमची गाणी सांगा’ म्हणत आला असता तर दारे मिटली असती. रिडलबरोबर आलेल्या माणसासाठी ती उघडत. म्हणजे रिडलने चालीच आणल्या असे नाही. ज्या घरांत ए. पीं.ना प्रवेश नव्हता त्या घरांची वाटही त्यानेच दाखवली.

कार्टरांच्या घरी रिडल आठवडेच्या आठवडे राहत असे. त्या काळाच्या आणि त्या प्रदेशाच्या मानाने ही असाधारण गोष्ट होती आणि कार्टरांच्या पदरी तिचे माप टाकलेच पाहिजे. दुसऱ्या पारड्यातील वस्तुस्थितीही तितकीच स्पष्ट आहे : गाण्यांच्या नोंदीत रिडलचे नाव नाही, आणि रॉयल्टीत त्याचा वाटा नाही.

रिडलकडून कार्टरांकडे आलेली म्हणून जी गाणी सांगितली जातात त्यांत ‘कॅननबॉल ब्लूज’, ‘लेट द चर्च रोल ऑन’ आणि ‘आय नो व्हॉट इट मीन्स टू बी लोन्सम’ यांचा समावेश होतो. पहिले रेल्वेचे, दुसरे चर्चचे, तिसरे विरहाचे. तिन्हींत एक लवचीक ठेका आहे, जो ब्रिस्टलच्या सहा गाण्यांत आढळत नाही.

येथे एका लोकप्रिय दाव्याची तपासणी आवश्यक आहे. मेबेलची प्रसिद्ध गिटारशैली, जिला ‘कार्टर स्क्रॅच’ म्हणतात, ती तिला रिडलने शिकवली असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. या शैलीत अंगठा खर्जाच्या तारांवर चाल वाजवतो आणि तर्जनी वरच्या तारांवरून झाडू फिरवल्यासारखी ठेका धरते. एकाच गिटारीतून चाल आणि साथ दोन्ही निघतात. तोवर निव्वळ साथीला असलेले वाद्य या शैलीमुळे पुढे आले. नंतरच्या असंख्य कंट्री, लोकगीत आणि रॉक गिटारवादकांनी येथूनच सुरुवात केली.

पण तारखा पाहा. मेबेलची ही शैली ऑगस्ट १९२७ च्या ब्रिस्टल ध्वनिमुद्रणांतच ऐकू येते. रिडलची आणि ए. पीं.ची भेट १९२८ ची. म्हणजे मूळ शैली रिडलची असू शकत नाही. मेबेल मात्र एकाच शैलीवर थांबली नव्हती. १९३० च्या ‘कॅननबॉल’मध्ये तिची बोटे वेगळ्या रीतीने चालतात, ती ब्लूजची रीत आहे, आणि ती रिडलला पाहून आलेली आहे. मेबेलला शिकवावे लागत नसे, तिने एकदा पाहिले की ते तिचे होई, असे रिडल सांगत असे. अन्याय झालेल्या माणसाला न्याय देताना त्याच्या पदरात नसलेले श्रेय घालण्याची गरज नसते. रिडलचे खरे श्रेय पुरेसे मोठे आहे.

१९२८ साली मेबेलसाठी गिब्सन कंपनीची एल-५ गिटार घेतली गेली, २७५ डॉलरना. ही रक्कम पाच-साडेपाच गाण्यांच्या मानधनाएवढी होती. ती गिटार आज नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयात आहे.

गाण्यांच्या शोधाची किंमत ए. पीं.नी स्वतःही मोजली, आणि ती जबर होती. ते आठवडेच्या आठवडे घराबाहेर असत. शेत, लाकूडतोड, तीन मुले, हे सारे साराच्या अंगावर. आपण नसताना साराला कोठे जायचे झाल्यास मोटारीने नेण्या-आणण्याचे काम त्यांनी आपला चुलतभाऊ कॉय बेझ याच्यावर सोपवले होते. सारा आणि कॉय यांचे प्रेम जडले. बोभाटा झाला तेव्हा कॉयचे कुटुंब कॅलिफोर्नियाला निघून गेले. १९३३ च्या सुमारास साराने पतीचे घर सोडले आणि काही वर्षांनी घटस्फोट झाला. तरीही ध्वनिमुद्रणासाठी तिघे एकत्र येत राहिले. संसार मोडल्याचे ग्राहकांना कळू दिले गेले नाही. ‘कार्टर फॅमिली’ या नावातच त्यांची बाजारातील किंमत होती.

१९३८ साली त्यांना टेक्ससच्या सीमेवर काम मिळाले. रिओ ग्रांदे नदीपलीकडे, मेक्सिकोच्या हद्दीत एक्सईआरए नावाचे रेडिओ केंद्र होते. ते चालवणारा जॉन ब्रिंकली हा बोकडाच्या ग्रंथी पुरुषांत बसवून पौरुष परत आणून देण्याचा धंदा करून कुप्रसिद्ध झालेला इसम. अमेरिकन कायद्याला ५०,००० वॉटची मर्यादा होती. सीमेपलीकडचे हे केंद्र त्याच्या कित्येक पट शक्तीने प्रक्षेपण करी. रात्री त्याचा आवाज अमेरिकेच्या मोठ्या भागात पोहोचत असे. औषधांच्या जाहिरातींच्या मधल्या जागेत कार्टर कुटुंब गात असे. जे गाणे पूर्वी एका खोऱ्यात फिरायला पन्नास वर्षे घेई ते आता एका रात्रीत हजार मैल जाऊ लागले.

त्यातलीच ही घटना. १९३९ च्या आरंभी साराने या केंद्रावरून एक गाणे कॅलिफोर्नियातील कॉय बेझला उद्देशून गायले. कॉयने ते ऐकले, तो टेक्ससला आला आणि फेब्रुवारीत दोघांचे लग्न झाले. गाण्यातील विरहाचा मजकूर साराच्या पतीच्याच नावे नोंदलेला होता आणि प्रक्षेपणाच्या खोलीत ते तिघेही एकत्र गात होते. कोणा कादंबरीकाराने हे लिहिले असते तर ओढूनताणून वाटले असते.

१९४३ पर्यंत हा मूळ संच संपला. ए. पी. पुअर व्हॅलीत परतले, किराणा मालाचे लहानसे दुकान चालवू लागले, आणि १९६० साली वारले. त्यांच्या थडग्याच्या शिळेवर एक तबकडी कोरलेली आहे : ‘कीप ऑन द सनी साइड’.

गाणी मात्र थांबली नव्हती. १९३० साली कार्टरांनी ‘व्हेन द वर्ल्ड्स ऑन फायर’ हे धार्मिक गाणे ध्वनिमुद्रित केले होते. ओक्लाहोमाच्या वुडी गथ्रीला त्यांची गाणी तोंडपाठ होती. १९४० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमधील एका स्वस्त वसतिगृहात त्याने याच चालीच्या जवळ जाणाऱ्या चालीवर ‘धिस लँड इज युअर लँड’ लिहिले. आज ते अमेरिकेचे दुसरे राष्ट्रगीत म्हणून ओळखले जाते. जमीन सर्वांची आहे असे सांगणाऱ्या गाण्याची चालही सर्वांची होती. त्या गाण्याच्या हक्कांवरून मात्र पुढे न्यायालयात भांडणे झाली.

मेबेलने मुलींना घेऊन नवा संच उभा केला. तिची मुलगी जून हिने १९६८ साली जॉनी कॅशशी लग्न केले. १९७१ साली नॅशव्हिलमध्ये नीटी ग्रिटी डर्ट बँड या लांब केसांच्या रॉक वादकांनी तिला, डॉक वॉटसनला, रॉय एकफला आणि इतर वडीलधाऱ्यांना एकत्र बोलावले. तीन तबकड्यांचा तो संच १९७२ साली आला आणि व्हिएतनाम युद्धावरून परस्परांशी बोलेनाशा झालेल्या दोन पिढ्यांनी तो सारखाच विकत घेतला. त्याचे शीर्षक होते ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’.

या सगळ्यात लेझ्ली रिडल कोठे होता?

तो १९४२ साली उत्तरेस, न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरी गेला होता. दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या लक्षावधी कृष्णवर्णीयांपैकी एक. तेथे त्याने साधी कामे केली, आणि पुढे गिटार विकून टाकली. ज्या काळात न्यूयॉर्क आणि बोस्टनची कॉलेजातील मुले कार्टरांच्या जुन्या तबकड्या लावून प्रत्येक सूर कानात साठवत होती, त्या काळात त्यातील काही सूर जेथून आले तो माणूस त्यांच्यापासून काही तासांच्या अंतरावर विनागिटार राहत होता.

त्याला शोधून काढले माइक सीगर या संगीतकार-संग्राहकाने, १९६५ साली. आणि शोध लागला तो मेबेलमुळे. आपण कोणाकडून काय घेतले याविषयी सीगरने विचारले तेव्हा तिने रिडलचे नाव सांगितले. तबकडीवर नसलेले नाव तिच्या स्मरणात शाबूत होते.

सीगरने त्याला गिटार वाजवायला पुन्हा प्रवृत्त केले आणि पुढील दहा-बारा वर्षे अधूनमधून त्याचे ध्वनिमुद्रण केले. स्मिथसोनियन संस्थेच्या लोकजीवन महोत्सवात आणि कॅनडातील मॅरिपोसा महोत्सवात रिडल लोकांसमोर वाजवायला बसला. त्या ध्वनिमुद्रणांत त्याचा आवाज मऊ आहे, गिटार अजिबात घाई करत नाही. ती ऐकून मग कार्टरांची १९३० नंतरची गाणी लावली की काही ठिकाणी तोच माणूस दुसऱ्यांच्या बोटांतून वाजत असल्यासारखे वाटते.

या व्यवहाराला चोरी म्हणावे काय? ए. पीं.नी ज्या कडव्यांची मोडतोड सांधली त्यांत त्यांचे श्रम होते, हे खरे. पीयरच्या व्यवस्थेत त्यांनाही मोठा वाटा मिळत नव्हता, हेही खरे. पण नोंदणीच्या कागदावर लेखकासाठी एक रकाना होता आणि संगीतकारासाठी एक. ऐकणाऱ्यासाठी, जपणाऱ्यासाठी, दुसऱ्याच्या दारापर्यंत नेणाऱ्यासाठी रकाना नव्हता. रिकाम्या रकान्यात दुसरे नाव घालण्याचा अधिकार ए. पीं.कडे होता, आणि त्यांनी तो वापरला नाही. एवढे म्हणायला पुरावा पुरेसा आहे.

१९७० साली कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये मूळ कार्टर फॅमिलीचा समावेश झाला : ए. पी., सारा, मेबेल. मेबेल १९७८ च्या ऑक्टोबरात गेली, सारा त्यानंतर अडीच महिन्यांनी.

सीगरच्या ध्वनिमुद्रणांतून निवडलेली गाणी राउंडर कंपनीने १९९३ साली ‘स्टेप बाय स्टेप’ या नावाने प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर लेझ्ली रिडल हे नाव आहे. त्याच्या स्वतःच्या नावाने निघालेला हा पहिला संग्रह. तो निघाला तेव्हा त्याच्या मृत्यूला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.